चोरासाठी नाही, कारभाऱ्यासाठी

क्रीट बेटाच्या पूर्व भागात, दोन टेकड्यांच्या खोगिरात ड्रेरोस नावाची एक वस्ती होती. आपल्या मापाने एखादं बेताचं गाव. पण ग्रीक लोक अशा गावालाही ‘पोलिस’ म्हणजे नगरराज्य म्हणत आणि तेवढ्याच ऐटीत राहत. तिथल्या अपोलोच्या देवळाच्या भिंतीतले काही कोरीव दगड विसाव्या शतकात सापडले. त्यांतल्या एकावर इ.स.पू. ६५० च्या सुमाराचा कायदा आहे. ग्रीकांनी दगडावर कोरलेला आणि आपल्या हाती जवळजवळ अखंड आलेला हा सर्वांत जुना कायदा मानला जातो.

वाचण्याआधी जरा अंदाज करून बघा. कशाबद्दल असेल? खून? चोरी? बांधावरून झालेली मारामारी? दुसऱ्याच्या रानात गुरं शिरली तर किती दंड?

यातलं काहीही नाही. त्या कायद्याचा आशय असा: शहराने ठरवलं आहे की एकदा जो ‘कोस्मोस’ झाला, त्याने पुढची दहा वर्षं पुन्हा कोस्मोस व्हायचं नाही. झालाच, तर त्याने जे निवाडे दिले असतील त्यांची दुप्पट भरपाई त्याने स्वतः द्यायची, जन्मभर कुठल्याही पदाला तो निकामी, आणि त्या काळात त्याने केलेलं सगळं रद्द. कोस्मोस म्हणजे गावचा मुख्य कारभारी. ग्रीकांचा हा जुन्यातला जुना कायदा चोरासाठी नाही, कारभाऱ्यासाठी आहे.

फिनिशियन लोकांकडून लिपी घेऊन ग्रीकांना तेव्हा फार तर शे-दीडशे वर्षं झाली होती. नवी वस्तू घरात आली की माणूस ती कशासाठी वापरतो, यावरून त्याच्या मनातली भीती कळते. ड्रेरोसकरांनी अक्षरं वापरली ती कारभाऱ्याने पदाला चिकटून बसू नये म्हणून. याच्या सुमारे अकराशे वर्षं आधी बॅबिलोनच्या हम्मुराबीने आपले कायदे उंच काळ्या शिळेवर कोरवले. शिळेच्या माथ्यावर राजा सूर्यदेवासमोर उभा आहे आणि खाली प्रजेने कसं वागावं याची कलमं. हम्मुराबीचा कायदा वरून खाली येतो, ड्रेरोसचा खालून वर जातो.

ग्रीकांचा राज्यविचार शिकवायचा झाला की पुस्तकं बहुधा प्लेटोपासून सुरू होतात. मला वाटतं, या दगडापासून सुरुवात करावी. कायद्याचं राज्य हे तत्त्व आधी सुचलं आणि मग त्याप्रमाणे कारभार सुरू झाला, असा क्रम इथे नाही. आधी एकेक माणूस डोईजड झाला, मग एकेक कायदा आला. तत्त्वज्ञ आले ते सगळ्यांत शेवटी, झाल्या गोष्टींचा अर्थ लावायला.

शेतातला धडा

‘टायरंट’ हा शब्द ग्रीक ‘तिरान्नोस’वरून आला, पण तो मुळात ग्रीकांचाही नाही. पूर्वेकडून, बहुधा आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियाकडून तो त्यांच्या भाषेत उतरला. इ.स.पू. सातव्या शतकातला कवी आर्किलोकस लिडियाचा गडगंज राजा गायजेस याच्या संदर्भात तो वापरतो, आणि त्यात शिवी नाही. तिरान्नोस म्हणजे वारसाने किंवा रीतीने न येता स्वतःच्या बळावर सत्ता बळकावलेला माणूस. तो चांगला की वाईट, हा पुढचा प्रश्न. काही तिरान्नोसांनी शहरात पाणी आणलं, देवळं बांधली, माजलेल्या घराण्यांची मक्तेदारी मोडली. लोकांना सुरुवातीला ते आवडतही.

मग या शब्दाला वास कधी लागला? हेरोडोटसने सांगितलेली एक गोष्ट इथे वर्गात सांगावीच लागते.

पेरिअँडर हा कॉरिंथचा तिरान्नोस. त्याने मिलेटसचा तिरान्नोस थ्रासिब्युलस याच्याकडे माणूस पाठवून विचारलं की शहरावर निर्धोकपणे राज्य कसं करावं. थ्रासिब्युलस त्या दूताला घेऊन गावाबाहेरच्या उभ्या पिकात गेला. चालता चालता तो दूताला पुन्हापुन्हा येण्याचं कारण विचारत राहिला, आणि बाकीच्यांपेक्षा उंच दिसेल ती ओंबी खुडून फेकत राहिला. असं करत पिकातला उत्तम तेवढा भाग त्याने नासवला आणि एक शब्द न बोलता दूताला परत पाठवलं. दूत वैतागला. कुठल्या वेड्याकडे धाडलंत, स्वतःच्याच शेताची नासाडी करतो, असं त्याने मालकाला सांगितलं. पेरिअँडरला मात्र उत्तर मिळालं होतं. गावातली डोकं वर काढणारी माणसं खुडायची.

गंमत म्हणजे ॲरिस्टॉटल हीच गोष्ट सांगताना भूमिका उलट करतो. त्याच्याकडे पेरिअँडर गुरू आणि थ्रासिब्युलस शिष्य. तरी गोष्टीचा गाभा हलत नाही. ती दूताच्या तोंडून ऐकावी. शहाण्या तिरान्नोसांना जे कळलं नाही ते त्या साध्या माणसाच्या लक्षात आलं होतं: हा आपलंच पीक घालवतोय.

सोटेकरी

अथेन्समध्ये हा प्रकार घडला तो मात्र अगदी रीतसर.

त्याआधी थोडं सोलॉनबद्दल. इ.स.पू. ५९४ मध्ये गरीब आणि जमीनदार एकमेकांच्या जिवावर उठले असताना दोघांनी मिळून त्याला निवडलं. त्याने कर्जं रद्द केली, कर्जापायी माणसाला गुलाम करणं बंद केलं, आणि नवे कायदे लाकडी फिरत्या चौकटींवर लिहून सगळ्यांसमोर ठेवले. तू तिरान्नोस का होत नाहीस, असं मित्र विचारत असताना त्याने ते नाकारलं आणि दहा वर्षांसाठी शहर सोडून प्रवासाला निघून गेला. कायदा करणारा जवळ असला की लोक त्यालाच विचारत राहतात. तो गेला की कायदा वाचावा लागतो.

इ.स.पू. ५६० च्या सुमारास पिसिस्ट्रॅटस हा लढवय्या पुढारी खेचरांची गाडी हाकत भर बाजारात आला. अंगावर जखमा, खेचरंही रक्ताळलेली. शत्रूंनी मारायचा घाट घातला होता, कसाबसा सुटलो, असं त्याने सांगितलं. हेरोडोटस म्हणतो, जखमा त्यानेच केल्या होत्या. लोक हळहळले. सभेने त्याला शरीररक्षक मंजूर केले. भालेकरी नव्हेत, साधे सोटेकरी. भाला म्हणजे सैन्य झालं. सोट्याने असं काय होणार? प्लूटार्क सांगतो की ठराव पन्नास जणांचा होता, पण पुढे आकडा मोजत कुणी बसलं नाही. म्हाताऱ्या सोलॉनने ओरडून सांगितलं, कुणी ऐकेना, तेव्हा त्याने आपली शस्त्रं घराबाहेर आणून ठेवली. लवकरच सोटेकऱ्यांनी अक्रोपोलिस हा शहराचा गड घेतला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण घालायचा ठराव गावाने हात वर करून केला होता.

त्याला हाकलल्यावर तो परत आला ते आणखी अचाट पद्धतीने. फ्यूए नावाची एक देखणी, उंचीने चार हातांना तीन बोटं कमी अशी बाई त्याच्या पक्षाने शोधली, तिला चिलखत चढवून रथात उभी केली आणि पुढे भालदार धाडले: खुद्द अथेना देवी पिसिस्ट्रॅटसला आपल्या गडावर परत आणते आहे हो! लोकांनी त्या बाईला हात जोडले आणि त्याला आत घेतलं. ग्रीकांत सगळ्यांत चतुर म्हणवणारे अथेन्सकर अशा पोरकट सोंगाला फसले, याचं हेरोडोटसला हसू आवरत नाही.

हा माणूस राज्य कसं करत होता? इथे कथा अनपेक्षित वळण घेते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ म्हणतो की तो सौम्य होता आणि जुने कायदे त्याने मोडले नाहीत. त्या ग्रंथात दोन प्रसंग आहेत. पहिला: हिमेटस डोंगराच्या उतारावर एक शेतकरी नुसती खडकाळ जमीन खणत होता. पिसिस्ट्रॅटसने माणसाकरवी विचारलं, यातून तुला मिळतं काय? शेतकरी, समोर कोण आहे हे न ओळखता, म्हणाला की अंगदुखी आणि कष्ट मिळतात, आणि त्यातलाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसने न्यावा. तिरान्नोस खूश झाला. त्या शेताचा कर कायमचा माफ.

दुसरा: त्याच्यावर खुनाचा आरोप झाला. अरिओपॅगसच्या टेकडीवरच्या न्यायालयाने बोलावलं आणि तो मुकाट्याने, स्वतः, बचाव करायला हजर झाला.

दोन्ही गोष्टी ऐकताना वर्गातल्या मुलांना तो आवडायला लागतो. मग हळूच विचारावं. शेतकऱ्याचा कर माफ झाला कारण पिसिस्ट्रॅटसला त्या दिवशी हसू आलं. नसतं आलं तर? आणि त्या खटल्याचं पुढे काय झालं? न्यायालय होतं, कायदा होता, आरोपीही वेळेवर आला होता. फिर्यादीच आला नाही. तो घाबरून गेला होता.

कायदा पाळणारा तिरान्नोस असू शकतो, हे अथेन्सला यातून समजलं. त्याचं पाळणं त्याच्या मर्जीवर असतं, एवढंच. मर्जी फिरायला वेळ लागला नाही. त्याच्या मागे मुलगा हिप्पियस आला. इ.स.पू. ५१४ मध्ये हार्मोडियस आणि अरिस्टोगिटॉन या दोघांनी हिप्पियसचा भाऊ हिप्पार्कस याला मारलं, आणि हिप्पियस क्रूर झाला. स्पार्टाच्या मदतीने ५१० मध्ये त्याला घालवावं लागलं. अथेन्सने त्या दोघांचे पुतळे उभारून त्यांना मुक्तिदाते केलं. पण थ्युसिडिडीस ठणकावून सांगतो की भांडण प्रेमप्रकरणाचं होतं आणि मारलेला माणूस राज्यकर्ता नव्हताच. आपल्या शहराच्या लाडक्या दंतकथेची अशी झडती घेणारा इतिहासकार त्याच शहरात जन्मला, हेही आश्चर्यच.

हिशेब द्या

हेरोडोटसच्या इतिहासात एक विलक्षण चर्चा आहे. साल इ.स.पू. ५२२, जागा इराण. तोतया राजाला मारून झाल्यावर सरदार बसून विचार करतात की आता राज्य कसं असावं. ओटानेस म्हणतो, एकाच्या हाती सत्ता नको. जगातल्या उत्तमात उत्तम माणसाला तिथे बसवलं तरी तो बिघडेल, कारण त्याला कुणाला हिशेब द्यायचा नसतो. असा माणूस चांगल्यांचा दुस्वास करतो, चहाडखोरांवर खूश असतो. बेताने स्तुती केली तर कमी पडली म्हणून चिडतो, भरभरून केली तर लाळघोटेपणा म्हणून चिडतो. तो पूर्वापार कायदे उलथवतो, बायकांवर बळजबरी करतो, चौकशीविना माणसं मारतो. याला उतारा तीन गोष्टींचा: पदं चिठ्ठीने द्या, पदावरच्या माणसाकडून हिशेब घ्या, निर्णय सगळ्यांसमोर करा. या व्यवस्थेला तो ‘इसोनोमिया’ म्हणतो. कायद्यापुढे सगळे सारखे. यातल्या ‘नोमोस’ या शब्दात कायदाही आला आणि चालीरीतही. वाटून देणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे.

चर्चेत ओटानेस हरला आणि डरायस राजा झाला. ओटानेसने एवढंच मागून घेतलं की मी राज्य करणार नाही आणि माझ्यावरही कुणी करू नये.

हे भाषण इराणी सरदाराच्या तोंडी असलं तरी त्यातली यंत्रणा ग्रीक मातीतली आहे. अथेन्सच्या संग्रहालयांत ती आज हाताच्या अंतरावर दिसते. उभ्या दगडी फळ्या, त्यांत खाचांच्या ओळी: नागरिकांच्या नावाच्या पट्ट्या त्यांत खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून पांढरे-काळे गोळे सोडून आजचे पंच कोण, हे ठरवायचं. लाच द्यायची तर कुणाला, हेच सकाळपर्यंत कुणाला माहीत नसे. मातीची भोक पाडलेली घागर: पाणी गळून संपलं की बोलणं बंद, वक्ता कितीही मोठा असो. आणि वर्ष संपल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याची झडती. ज्याच्या हातातून सरकारी पैसा गेलाच नाही त्यानेसुद्धा मी घेतलं नाही, खर्चलं नाही, असं लिहून द्यायचं.

याच हेरोडोटसकडे आणखी एक प्रसंग आहे. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर अफाट सैन्य घेऊन निघालेला इराणचा बादशहा झर्क्सिस आपल्या आश्रयाला असलेल्या डेमाराटसला विचारतो, हे मूठभर ग्रीक माझ्यासमोर उभे तरी राहतील का? त्यांच्यामागे चाबूक घेऊन कुणी नाही. डेमाराटस हा स्पार्टाचा पदच्युत राजा. तो सांगतो की ते मोकळे आहेत, पण पूर्ण मोकळे नाहीत. त्यांच्यावर एक धनी आहे, कायदा. तुझी माणसं तुला जितकी भितात त्याहून ते त्याला भितात. झर्क्सिस हसतो. बादशहाला ही कल्पनाच कळण्यासारखी नव्हती: धनी आहे, पण तो माणूस नाही.

गळ्यात फास घालून

पण कायदा म्हटलं की तो बदलायचा कुणी? दक्षिण इटलीत लोक्री नावाचं ग्रीक शहर होतं. तिथली चाल वक्ता डेमोस्थेनिसने अथेन्सच्या न्यायालयात सांगितली. नवा कायदा सुचवणाऱ्याने गळ्यात फास अडकवून बोलायचं. सूचना पटली तर सुटला, नाही पटली तर फास आवळला. दोनशेहून अधिक वर्षांत एकच नवा कायदा झाला म्हणे.

तो एक कोणता? लोक्रीत डोळ्याच्या बदल्यात डोळा असा कायदा होता. एका माणसाला एकच डोळा होता. त्याचा शत्रू म्हणू लागला की मी तुझा तो डोळा फोडतो, माझा एक गेला तरी बेहत्तर. कायद्याच्या अक्षरात दोघं सारखे, प्रत्यक्षात एक आंधळा होणार आणि दुसरा बघत राहणार. एकाक्ष माणूस फास घालून उभा राहिला आणि म्हणाला, एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही फोडावेत. कायदा झाला. समान वागणूक आणि न्याय या दोन गोष्टींत फट असते, हे याहून थोडक्यात कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

दुसरी फट तरुण अल्सिबायडिसने दाखवली. झेनोफॉनने तो संवाद नोंदवला आहे. त्याने आपला पालक पेरिक्लीस याला साळसूदपणे विचारलं की कायदा म्हणजे काय. पेरिक्लीस म्हणाला, लोकांनी सभेत मान्य करून लिहिलेलं ते. तिरान्नोसने लिहिलं तर? तोही कायदाच. पण मन न वळवता दुर्बळाला भाग पाडणं ही जबरदस्तीच ना? हो, ती जबरदस्ती, कायदा नव्हे. मग बहुसंख्यांनी मन न वळवता थोड्यांवर लादलं, तर ते काय? पेरिक्लीस अडकला. तुझ्या वयात आम्हीही अशा कसरतींत पटाईत होतो, असं म्हणून त्याने सोडवून घेतलं. पोरगा म्हणाला, तेव्हाचे तुम्ही भेटायला हवे होतात.

हा नुसता वात्रटपणा नव्हता. इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सने अर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवता आलं नाही. संतापलेल्या सभेने सेनापतींचा एकत्र, एकाच मताने निकाल लावायचं ठरवलं. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवावा, असा कायदा होता. तो दाखवला तेव्हा लोक ओरडले की लोकांना हवं ते करू देत नाहीत म्हणजे काय! त्या दिवशी सभा चालवणाऱ्यांपैकी एकाने बेकायदा प्रस्ताव मताला टाकायला नकार दिला. त्याचं नाव सॉक्रेटिस. परत आलेल्या सहा सेनापतींना देहदंड झाला आणि थोड्याच काळात शहर पस्तावलं. तिरान्नोसला एकच डोकं असतं असं नाही.

दोन वर्षांनी अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं. स्पार्टाच्या दबावाखाली सभेने तीस जण नेमले, आणि काम काय दिलं? पूर्वजांचे कायदे लिहून काढायचं. कायदे लिहायला आलेले हे तीस पुढे इतिहासात ‘तीस जुलमी’ झाले. त्यांनी निदान दीड हजार माणसं मारली. त्यांनी तीन हजार नागरिकांची यादी केली आणि नियम केला की यादीतल्याला परिषदेच्या मताशिवाय मारता येणार नाही, यादीबाहेरच्याला मारता येईल. त्यांच्यातलाच थेरामिनिस विरोधात गेला. परिषद त्याच्या बाजूने झुकतेय हे पाहून पुढारी क्रिटियास उठला आणि म्हणाला, मी याचं नाव यादीतून खोडतो. झालं. नियम एकही मोडला नाही. थेरामिनिसला विषाचा पेला देण्यात आला.

याच तिसांनी सॉक्रेटिसला चार जणांबरोबर सलामिसच्या लिऑनला पकडून आणायला सांगितलं. बाकीचे गेले. सॉक्रेटिस घरी गेला. चार वर्षांनी रीतसर न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला, तेव्हा मात्र तुरुंगातून पळायची सोय असूनही तो पळाला नाही. मुलांना इथे कोडं पडतं. एकदा आज्ञा मोडतो, एकदा चुकीचा निकालही मानतो, हे कसं? हुकूम आणि कायदा यांतला फरक या कोड्यात दडला आहे. तो सांगून टाकू नये, त्यांना झगडू द्यावं.

इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परतली तेव्हा अथेन्सने सूडाऐवजी शपथ घेतली की झाल्या गोष्टींची खुन्नस धरायची नाही. मग जखम जिथे झाली तिथेच पट्टी बांधली: अधिकाऱ्याने न लिहिलेला कायदा वापरायचा नाही, सभेचा कुठलाही ठराव कायद्याहून वरचढ नाही, एका माणसाला उद्देशून कायदा करायचा नाही, करायचाच तर सहा हजार गुप्त मतं हवीत. एकेक कलम वाचताना त्यामागचं प्रेत दिसतं.

सातशे एकोणतीस पट

हे सगळं घडलं तेव्हा प्लेटो विशीत होता. क्रिटियास त्याच्या आईचा चुलतभाऊ. सॉक्रेटिस त्याचा गुरू. त्याच्या ‘रिपब्लिक’मध्ये थ्रासिमाकस नावाचा तापट गृहस्थ ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय असल्याचं सांगतो, आणि उरलेला ग्रंथ जणू त्याला दिलेलं उत्तर आहे. तिरान्नोस येतो कुठून? प्लेटो म्हणतो, लोकांचा रक्षक म्हणून येतो आणि पहिल्यांदा मागतो ते शरीररक्षक. सोटेकरी आठवले ना? पण खरी कमाल पुढे आहे. या माणसाइतकं पराधीन कुणी नाही, असं प्लेटो म्हणतो. तो वासनेचा चाकर, रक्षकांच्या धाकात जगणारा, गावोगाव फिरायची चोरी. मग प्लेटो चक्क गणित मांडतो: नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ. खरा राजा तिरान्नोसापेक्षा ७२९ पट सुखाने जगतो! विनोद किती आणि गांभीर्य किती, यावर विद्वान अजून वाद घालतात. म्हातारपणी लिहिलेल्या ‘लॉज’मध्ये त्याने राज्यकर्त्यांना कायद्याचे सेवक म्हटलं, आणि प्रत्येक कायद्याला प्रस्तावना जोडायला सांगितली. चांगला वैद्य आधी समजावतो, मग औषध देतो, तसं.

ॲरिस्टॉटल शिस्तीचा माणूस. त्याने आणि शिष्यांनी १५८ राज्यघटनांची माहिती जमवली. कायदा म्हणजे वासना वजा केलेली बुद्धी, असं तो मानतो. माणसाला राज्य द्याल तर त्याच्यातलं जनावरही सिंहासनावर बसेल. जुलमी सत्ता टिकवण्याच्या युक्त्यांची त्याने केलेली यादी अंगावर काटा आणते. उंच माणसं छाटा. सहभोजनं, मंडळं, शिक्षण बंद करा, कारण त्यांतून आत्मविश्वास आणि परस्परांवर विश्वास वाढतो. लोकांनी एकमेकांना ओळखूच नये असं बघा. कानोसा घेणारे पेरा. मित्रामित्रांत भांडणं लावा. प्रचंड बांधकामं काढून लोकांना कामात आणि गरिबीत ठेवा. या शेवटच्या युक्तीचं त्याने दिलेलं एक उदाहरण म्हणजे पिसिस्ट्रॅटसच्या घराण्याने काढलेलं ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ. ते पुरं झालं सहाशेहून अधिक वर्षांनी, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात. त्याचे पंधरा खांब आज अथेन्समध्ये उभे आहेत.

आणि त्या १५८ घटना? त्यांतली एकच जवळजवळ पूर्ण हाती आली, तीही नशिबाने. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणीतरी शेतीच्या जमाखर्चाचे पाठकोरे कागद वाया जाऊ नयेत म्हणून मागच्या बाजूला ती उतरवून घेतली होती. १८९१ मध्ये लंडनला ती छापली गेली. हिमेटसचा तो शेतकरी आपल्यापर्यंत आला तो दुसऱ्या एका शेताच्या हिशेबावर बसून.

रिकामी आसनं

हे सगळं सांगताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ज्यांच्यासाठी हा कायदा होता ते अथेन्सचे प्रौढ पुरुष नागरिक. बायकांना मत नाही, परक्यांना नाही, आणि गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची अशी त्याच न्यायालयाची रीत. तिरान्नोसाच्या नावाने बोटं मोडणारा नागरिक घरी गेल्यावर स्वतः धनीच असे.

आता शेवटचा दगड. १९५२ मध्ये अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात एक संगमरवरी शिळा सापडली. वरच्या चित्रात लोकशाही नावाची स्त्री बसलेल्या ‘जनते’च्या डोक्यावर मुकुट ठेवते आहे. खाली इ.स.पू. ३३६ च्या सुमाराचा कायदा आहे. मॅसिडोनियाच्या फिलिपकडून पराभव नुकताच झाला होता. तिरान्नोस होऊ पाहणाऱ्याला जो मारेल तो निर्दोष, असं सुरुवातीला म्हटलं आहे. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. कायदा अरिओपॅगसच्या न्यायाधीशांकडे वळून सांगतो: लोकशाही उलथली गेली, तर तुम्ही टेकडीवर चढायचं नाही, एकत्र बसायचं नाही, कशावरही विचारविनिमय करायचा नाही. केलात, तर नागरिकत्व जाईल आणि मालमत्ता जप्त होईल. आणि या कायद्याची एक प्रत लावायची कुठे? अरिओपॅगसच्याच दारात.

तीनशे वर्षांचं शिकणं या एका कलमात गोळा झालं आहे. जुलमी माणसाला न्यायालय पाडायचं नसतं, त्याला ते चालू हवं असतं. ठराव, यादी, निकाल, शिक्का सगळं हवं असतं. म्हणून अथेन्स सांगतं: त्याला रिकामी आसनं द्या.

शिळेने मॅसिडोनियाचं सैन्य अडवलं नाही. इ.स.पू. ३२२ मध्ये ती लोकशाही मोडली गेली. दगड उठून कुणाला अडवत नाही, हेही शिकण्यासारखंच.

आपल्याकडे हे ज्याने अचूक ओळखलं तो माणूस संविधान सभेत उभा होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जॉर्ज ग्रोट या ग्रीसच्या इंग्रज इतिहासकाराचा आधार घेतला. तिरान्नोस गेल्यावर अथेन्सची घडी बसवणाऱ्या क्लिस्थेनिसबद्दल लिहिताना ग्रोटने ‘संवैधानिक नीती’ ही कल्पना मांडली होती: घटनेच्या रीतींबद्दल आदर, त्या रीतींनुसार वागणाऱ्या सत्तेचं ऐकणं, त्याच सत्तेवर मोकळेपणाने टीका करणं, आणि आपल्याइतक्याच या रीती विरोधकालाही पवित्र वाटतात हा भरवसा. बाबासाहेबांनी त्यात आपलं एक वाक्य घातलं, ज्याचा अर्थ असा की ही भावना माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबरला, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा त्यांनी दिला. फ्यूएचा रथ आणि त्याला जोडलेले हात इथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

जोपासायची म्हणजे शिकवायची. म्हणून तास संपताना मी पुन्हा त्या खटल्याकडे जाईन. अरिओपॅगसची टेकडी, न्यायाधीश बसलेले, पिसिस्ट्रॅटस आलेला, आणि फिर्यादीची जागा मोकळी. सोलॉनने कायदा केला होता की अन्याय कुणावरही होवो, हवा त्या नागरिकाने त्याच्या वतीने दाद मागावी. शहर चांगलं कधी, असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाल्याचं सांगतात की ज्यांच्यावर अन्याय झालेला नाही तेही ज्याच्यावर झाला त्याच्याइतकेच चिडून उठतात, तेव्हा. ते लिहून झालेलं होतं, चौकटी सगळ्यांसमोर उभ्या होत्या. मुलांना एवढंच विचारावं: त्या सकाळी फिर्यादीच्या घरापासून टेकडीपर्यंत त्याच्यासोबत किती माणसं चालली असती, तर तो पोचला असता?